सावलीतलं काम

शेती संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला, गोदाम आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक लांबट खोली होती. तिला खिडक्या होत्या, पण त्या कधी उघडायच्या नाहीत. आतून बारीक जाळी आणि कडेने चिकटपट्टी मारलेली. भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, त्यांवर पसरट ट्रे, ट्रेमध्ये भरडलेलं धान्य आणि त्या धान्यात वळवळणाऱ्या अळ्या. अळ्यांचे पुढे पतंग व्हायचे. करडे, नखाएवढे, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असे. घरातल्या धान्याच्या डब्यात असा एक जरी पतंग निघाला तर कुणीही डबा उचलून उन्हात नेऊन उपडा करेल. इथे मात्र ते हौसेने पोसले जायचे. त्यांच्यासाठी बाहेरून ग्रँट यायची आणि त्यांचं खाणंपिणं बघायला एक बाई होती.

तिला सगळे ताई म्हणत. सर म्हणत, चौकीदार म्हणे, आणि तिच्याहून वयाने दुप्पट असलेले शेतकरीही ताईच म्हणत.

आधी ती केंद्राच्या शेतात रोजाने खुरपणीला यायची. लेक तेव्हा लहान होती, तिला बांधावरच्या झाडाखाली बसवून आई वाफ्यातून सरकत जायची. एका दुपारी उन्हाने चक्कर येऊन ती तिथेच कोसळली. तोंडावर पाणी मारायला जे लोक धावले त्यांत सर होते. किडींवर संशोधन करणारा हा बारीक अंगाचा माणूस, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं, त्यातलं एक गळणारं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून घेतलं. "मागच्या खोलीत झाडलोटीला माणूस हवंय. पगार फार नाही, पण काम सावलीतलं आहे."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं घराच्या पुढच्या भागातच टायर दुरुस्तीचं दुकान होतं. हात कायम काळे, कपड्यांना जळक्या रबराचा वास. तो टायरमधून हवा सोडत होता, ती सोडता सोडताच म्हणाला, "आपल्या सात पिढ्यांत सावलीत बसून पगार खाणारी तू पहिलीच. आता आमच्याशी बोलशील ना?"

झाडता झाडता ती काम शिकली. पतंग जाळीच्या पिंजऱ्यात सोडायचे. त्यांनी घातलेली अंडी जाळीतून खाली पडायची, खसखशीपेक्षा बारीक. ती चाळून स्वच्छ करायची आणि गोंद लावलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डावर पसरायची. मग ते कार्ड काचेच्या बरणीत ठेवायचं. त्या बरणीत दुसरेच किडे असायचे, इतके लहान की फुंकर घातली तर शोधून सापडू नयेत. हे किडे दुसऱ्याच्या अंड्यात आपलं अंडं घालतात, आणि ज्या अंड्यातून पतंग निघायचा त्यातून हाच किडा निघतो. असं कार्ड शेतात पानाखाली टाचलं की किडे बाहेर पडून पिकावरच्या किडीची अंडी शोधत जातात. अळी जन्मालाच येत नाही. विष फवारायची गरज उरत नाही. सरांचं सगळं काम या एवढ्याशा किड्यावर चाललेलं होतं.

ताईला हे फार आवडलं. खोलीत बसून केलेल्या कामाने कुठल्या तरी लांबच्या शेतात काहीतरी वाईट घडायचं राहून जातं, हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती सरांना म्हणाली होती, "म्हणजे आपण जे करतो ते कुणाला दिसतच नाही."

"दिसलं तर आपलं चुकलं," सर म्हणाले.

केंद्रात शेतकऱ्यांची प्रशिक्षणं व्हायची. ग्रँट संशोधन आणि शिक्षण अशा दोन्हींसाठी होती, त्यामुळे शिबिरं घ्यावीच लागत. सर पडद्यावर चित्रं दाखवून तासभर बोलायचे. समोरचे लोक आदराने पेंगायचे. मग ताई कार्ड घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "ही माझी लेकरं. डोळ्याला दिसत नाहीत, पण दिवसभर काम करतात. आमच्या घरात एक जण आहे, त्याचं नेमकं उलटं." मागच्या रांगेपर्यंत हसू पोचायचं. मग ती प्रत्येकाच्या हातात भिंग द्यायची. काही वर्षांत आसपासचे किती तरी शेतकरी फवारणी सोडून तिची कार्डं न्यायला लागले. त्यांच्याकडे तिचा फोन नंबर असायचा आणि ते केंद्राला नाही, तिलाच फोन करायचे.

ती केंद्राची नोकर मात्र नव्हती. ती प्रोजेक्टवर होती. दर वर्षी तिला एक दिवस कामावरून कमी करत आणि लगेच नव्याने नेमत, म्हणजे सलग नोकरी मोजली जाऊ नये. त्या एका दिवशी ती घरी थांबायची नाही. पतंगांना सुट्टी कोण देणार? बिनपगारी येऊन ट्रे बघून जायची. सरांचंही फार वेगळं नव्हतं. वर्षातले निम्मे महिने ते काम करत आणि उरलेले निम्मे, ते काम पुढे करू द्या म्हणून प्रस्ताव लिहीत.

पतंगांच्या पंखांवर बारीक खवले असतात. पिंजरा हलवला की ते उडतात. हजारो पतंग म्हणजे खोलीत सतत तरंगणारी करडी पूड. सकाळच्या तिरप्या उजेडात ती चमकायचीसुद्धा. केसांवर, भुवयांवर, चहाच्या कपात, सगळीकडे ती असायची. ताई तोंडाला रुमाल बांधायची. पुढे सरांनी मास्क आणून दिले, पण ते घामाने ओले होऊन नाकाला चिकटत, आणि संपले की नवे यायला महिने लागत. मग पुन्हा रुमाल.

खोकला सुरू झाला तेव्हा तिने तो सर्दीच्या नावावर टाकला. मग धुळीच्या, मग घरातल्या रबराच्या धुराच्या. सुट्टीच्या दिवसांत तो कमी व्हायचा आणि कामावर आलं की संध्याकाळपर्यंत छाती आवळून यायची. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण लक्षात येणं वेगळं आणि ते स्वतःशी कबूल करणं वेगळं.

सरांच्याही लक्षात आलं होतं. परिषदेत भेटलेल्या एका जुन्या मित्राने त्यांना सांगितलं होतं की आमच्या पतंगघरातल्या माणसाला दम्यासारखं काहीतरी झालं, हवा खेचून बाहेर टाकणारं यंत्र बसवून घे. सरांनी पुढच्या प्रस्तावात ते यंत्र घातलं. प्रस्ताव मंजूर झाला त्या दिवशी त्यांनी ताईला बोलावलं.

"बसा, ताई."

सर बसा म्हणाले की काहीतरी वाईट असतं, हे तिला ठाऊक होतं. "मंजूर झालं ना? मग तोंड असं का?"

"मागितलं होतं त्यापेक्षा कमी मिळालंय." सर टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. "प्रशिक्षणाला हात लावायचा नाही, ही त्यांची अट आहे. पुस्तिका, शिबिरं, शेतकऱ्यांचा प्रवास, सगळं तसंच राहणार. उरलेल्यात एक तर हवा बाहेर टाकणारं यंत्र बसेल, नाहीतर खोलीत दोन माणसं राहतील. यंत्र घेतलं तर एकच."

जाणारं माणूस कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. वर्षभरापूर्वी ताईच्या हाताखाली एक मुलगी लागली होती. लग्न होऊन नुकतीच आलेली, बडबडी, हाताने चपळ. दोघींत लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणायचे. तिचा नवरा बांधकामावरून पडून घरी बसलेला होता.

"तुम्हीच सांगा, ताई. खोली तुमची आहे."

त्या वाक्याने ताई फसली. इतक्या वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. खोली तुमची आहे. तिची मान ताठ झाली. "पोरीला नका काढू," ती म्हणाली. "यंत्राचं पुढच्या वेळी बघू. मला काय होतंय? रुमाल आहे की."

सरांचा जीव भांड्यात पडलेला तिला स्पष्ट दिसला. त्यांनी घाईघाईने मान हलवली, पुढच्या वेळी नक्की म्हणाले, आणि खिशातलं गळकं पेन काढून काहीतरी लिहू लागले.

घरी तिने हे नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. "त्यांनी मला विचारलं. साहेब असून."

नवरा हात धूत होता. "विचारलं नाही," तो म्हणाला. "तुझ्या गळ्यात घातलं."

त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. नवरा काही वाचलेला-शिकलेला नव्हता, पण माणसं ओळखायचा. ताईला त्या वेळी त्याचा राग आला, कारण ती धाकटीसाठी काहीतरी चांगलं करून आली होती आणि तो त्यात खोट काढत होता.

पुढच्या वेळी यंत्र पुन्हा प्रस्तावात गेलं आणि पुन्हा बाहेर आलं. त्याच्या पुढच्या वेळी सरांनी ते घातलंच नाही.

मग निधी देणाऱ्या संस्थेची एक बाई काम बघायला येणार असं ठरलं. केंद्रात लगबग उडाली. फरश्या पुसल्या गेल्या, बाहेरच्या कुंड्यांना रंग लागला. आदल्या दिवशी सर खोलीत आले आणि धाकटी बाहेर जाईपर्यंत थांबले.

"ताई, उद्या तुम्ही सुट्टी घेता का? पगार कापला जाणार नाही."

"उद्या? पाहुण्या येणार ना?"

"म्हणूनच." सर भिंतीकडे बघत होते. "तुमचा खोकला. त्यांना उगाच काहीतरी वाटेल. ग्रँट गेली तर दोघींचंही जाईल."

ताईने मान हलवली. पोटात दुखतंय असं निमित्त तिने धाकटीला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचाच फोन आला. रडवेली झालेली. बरणीतले किडे आज बाहेर पडतील की नाही, तिला काहीच कळत नव्हतं. ताई मागच्या फाटकाने आत गेली. बरण्या बघून तिने काय करायचं ते सांगितलं, आणि बाहेर गाडीचा आवाज आला तेव्हा निघून जायला वेळ उरला नव्हता. ती शेजारच्या गोदामात शिरली. धान्याच्या पोत्यांमागे बसून तिने रुमालाचा बोळा तोंडात कोंबला.

मधली भिंत पातळ होती. धाकटी तिचीच वाक्यं तिच्याच चालीत म्हणत होती, लेकरांचा विनोदसुद्धा. पाहुणी बाई हसली. मग म्हणाली, "किती सुरक्षित काम आहे, नाही? विष नाही, काही नाही. शाळेतल्या मुलांनासुद्धा इथे आणता येईल."

"नक्की," सर म्हणाले. "तो विचार आहेच."

ताईचे डोळे पाण्याने भरले होते, पण ते खोकला दाबल्यामुळे. निदान तिने नंतर नवऱ्याला तसं सांगितलं. गाडी गेल्यावर ती बाहेर आली तेव्हा बोळ्यावर रक्ताचा ठिपका होता. तिने रुमाल टाकीखाली धुतला आणि घरी गेली. ग्रँट पुढे चालू राहिली.

हे सगळं लेकीपासून लपवलेलं होतं. लेक दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून रसायनशास्त्र शिकत होती. सुट्टीत ती घरी आली, आई बाजारातून पिशवी घेऊन येताना घराच्या पायऱ्यांवर तिला भेटली, आणि चार पायऱ्यांत आईला दोनदा थांबावं लागलेलं तिने पाहिलं. पिशवीही जड नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती आईला ओढत छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला, खाली ठेवला, आणि भलताच प्रश्न विचारला. "घरी कबुतरं पाळता का?"

ताईला हसू आलं. "कबुतरं नाही, पतंग."

डॉक्टरांना वाटलं ती थट्टा करतेय. लेकीने समजावून सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. काही लोकांच्या फुप्फुसांना पिसांची, खवल्यांची पूड सहन होत नाही, ते म्हणाले. वर्षानुवर्षं ती आत जात राहिली की फुप्फुसं आतून सुजतात, आणि सूज येऊन येऊन कडक होतात. "स्पंज वाळून कसा होतो, तसं. कडक झालेला भाग परत मऊ होत नाही. उरलाय तो वाचवायचा असेल तर त्या खोलीत उद्यापासून पाऊल टाकायचं नाही."

बाहेर येऊन लेक म्हणाली, "ऐकलंस ना? उद्यापासून नाही."

"तुझं शेवटचं वर्ष आहे," ताई म्हणाली.

"मी सोडते. नोकरी धरते."

"थोबाडीत देईन."

रस्त्याच्या कडेला उभ्या राहून दोघी भांडल्या. शेवटी लेक रडली आणि ताई जिंकली. प्रोजेक्टचं जेमतेम वर्ष राहिलं होतं; तेवढं संपवू आणि मग घरी बसू, असं ठरलं. लेकीने एक चांगला मास्क आणून दिला, दोन बाजूंना हवा गाळणाऱ्या नळकांड्यांचा. तो घातला की ताईला दोन्हीकडून श्वास पुरायचा नाही. ती तो गळ्यात अडकवून ठेवायची आणि दाराशी सर दिसले की वर चढवायची.

ते वर्ष संपायच्या आतच संस्थेचं उत्तर आलं. सरांनी दोघींना उभं करून ते वाचून दाखवलं. संस्थेने नवं धोरण ठरवलं होतं. शाश्वत शेतीलाच मदत, पण यापुढे फक्त पाण्याच्या कामांना. किडींचं काम त्यात बसत नव्हतं.

"म्हणजे किडी संपल्या?" धाकटीने विचारलं.

सर हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

खोली रिकामी करायची होती. पतंग तसेच सोडले तर गोदामातल्या धान्यात शिरले असते, म्हणून सगळं मारून टाकायचा हुकूम होता. दोघींनी ट्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून शीतपेटीत रचले. पेटी भरली की झाकण लावायचं, थांबायचं, गोठलेलं काढायचं, पुढचं रचायचं. गेली कित्येक वर्षं एकही दिवस खंड न पाडता चालवलेली वीण होती ती. लेकीच्या परीक्षा, सासूचं आजारपण, कुणाचं लग्न, कुणाचं मयत, सगळं या ट्रेंच्या वेळा सांभाळून झालेलं. शेवटच्या बरणीतले किडे धाकटीला मारवेनात. ती बरणी घेऊन बाहेर गेली आणि टाकीमागच्या झुडपांवर उघडून आली. ताईने पाहिलं आणि रिकामी पेटी पुसायला घेतली. तिला त्या दिवशी वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. आणि बरं वाटतंय याचंच जास्त वाईट वाटत होतं.

उपचाराला काही मदत मिळते का, हे विचारायला ती केंद्राच्या कचेरीत गेली. दोन मजले चढायला तिला बराच वेळ लागला. तिथल्या बाबूने तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"ताई, तुम्ही केंद्राच्या कधी नव्हताच. तुम्ही प्रोजेक्टच्या. आणि प्रोजेक्ट आता नाही."

"मग मी एवढी वर्षं कुठे होते?"

"मागच्या खोलीत," बाबू म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

काही महिन्यांत तिला अंघोळ करतानाही धाप लागू लागली. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, भाड्याचं. कोपऱ्यात ठेवलेलं, दिवसभर घुरघुरणारं, आणि त्यातून निघालेली नळी तिच्या नाकात. नवऱ्याने त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. रबर तापवल्याशिवाय त्याचा धंदा होत नव्हता आणि रबराचा वास आला की ती पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी तडफडायची. त्याने अवजारं विकली आणि रस्त्यापलीकडच्या गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली लागला. आयुष्यभर स्वतःचा मालक असलेला माणूस. दिवसातून किती तरी वेळा तो रस्ता ओलांडून यायचा, दारातूनच "आहेस ना?" म्हणून विचारायचा आणि परत जायचा.

सर घरी आले ते मळभ आलेल्या एका दुपारी. चहा घेतला, पण कप हातातच धरून बसले. नवरा दाराला टेकून उभा होता. त्याने बसायला खुर्ची दिली होती, शब्द एकही दिला नव्हता.

"मी एक प्रस्ताव लिहितोय," सर अखेर म्हणाले. "पतंगघरांत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांवर. किती जणांना हे होतं, कुणी मोजलेलंच नाही. ताईंची माहिती पहिली घालावी म्हणतो. नाव न देता."

"नाव न देता," नवरा म्हणाला. "आणि ती आधी काय होती तुमच्या कागदांत? तेव्हा तरी नाव होतं का?"

"अहो," ताई म्हणाली.

"नाही, बोलू दे मला. तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं आणि तुम्ही हिला विचारलंत, मशीन हवं की पोरगी. असं कुणी कुणाला विचारतं का?"

सरांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मला वाटलं, आणखी एक वर्ष निघेल," ते म्हणाले. "दर वर्षी तेच वाटायचं."

मग ताई म्हणाली, "लिहा, सर. माझं घाला." बोलताना तिला मध्ये थांबावं लागत होतं. "पण लिहाल तेव्हा, यंत्र पहिल्या वर्षात घाला. नंतरच्या वर्षात नका."

जाताना त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं. नवरा ते परत द्यायला त्यांच्यामागे निघाला, तिने हात धरून थांबवलं. "राहू द्या. औषधं येतील."

सरांचा तो प्रस्ताव मंजूर झाला नाही. विषय महत्त्वाचा असला तरी आमच्या कार्यक्रमात बसत नाही, असं उत्तर आलं. पुढे सर निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले. वर्षातून एकदा त्यांचा फोन येतो. तब्येतीबद्दल विचारतात, आणि ती बरी आहे म्हणते.

लेक चांगल्या गुणांनी पास झाली. नोकरी लागल्याचं सांगायला घरी आली, पण दोन दिवस तिच्या तोंडून ते निघेना. शेवटी ताईनेच खोदून विचारलं. कीटकनाशकं बनवणारा मोठा कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत. जी विषं शेतातून जावीत म्हणून आईने छाती घालवली, तीच तपासून डब्यात भरू द्यायचं काम.

"नको म्हणालीस तर नाही जाणार," लेक म्हणाली.

ताईने नाकातली नळी नीट बसवली. मग विचारलं, "तिथल्या लोकांची छाती तपासतात?"

"दर वर्षी. कंपनीच करते. आणि विमा आहे. आईवडिलांचा पण."

"मग जा."

ऑक्सिजनचं भाडं आता त्या विम्यातून जातं. औषधंही. लेक महिन्यातून एकदा येते, आणि कारखान्याचा वास आत नको म्हणून आल्या आल्या पुढच्या बंद दुकानातच कपडे बदलते, मगच आत येते. शेतकऱ्यांचे फोन पहिले काही हंगाम येत राहिले. कार्डं मिळतील का, ताई? आता कुणी बनवत नाही, असं ती सांगायची. मग तुम्ही काय फवारता, हे तिने कुणाला विचारलं नाही. हळूहळू फोन बंद झाले.

धाकटी मात्र मध्ये एकदा आली. हातात फळांची पिशवी, तोंडावर आनंद. एका खाजगी कंपनीने मित्रकीटकांचा धंदा सुरू केला होता, तिथे तिला काम मिळालं होतं. पतंगांचंच. पगार आधीपेक्षा बरा. "मुलाखतीत त्यांनी विचारलं कुठे शिकलात, मी तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली.

"खोली कशी आहे?"

"मोठी आहे. एसी आहे."

"हवा कुठून बाहेर जाते?"

धाकटीने त्याकडे पाहिलंच नव्हतं.

"इकडे ये. पाठ कर माझ्याकडे."

धाकटी पलंगाच्या कडेवर पाठमोरी बसली. ताईने तिच्या पाठीला कान लावला, पण यंत्राच्या घुरघुरीत काहीच ऐकू येईना. तेव्हा तिने हात लांब करून यंत्राचं बटण बंद केलं.

"अहो ताई, काय करताय!"

"गप्प बस. मोठा श्वास घे. सोड. पुन्हा घे."

धाकटी श्वास घेत राहिली आणि तिच्यामागे ताईचे ओठ निळे पडत चालले. पाठीच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, खाली, वर, सगळीकडे तिने कान लावून ऐकलं. तेवढ्यात नवरा दारात आला. "आहेस ना?" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बंद यंत्र पाहून धावतच आत आला, बटण दाबलं, नळी नीट केली, आणि तोंडाला येईल ते बोलला. दोघींनाही.

श्वास ठिकाणावर आल्यावर ताई म्हणाली, "अजून स्वच्छ आहे. पुढच्या महिन्यात परत ये."

धाकटी पुढच्या महिन्यात आली, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा ताईने कान लावला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच राहिली. काय ऐकू आलं ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "सोड ते काम."

"घरी खायचं काय, ताई?"

धाकटीने डोळे पुसले, आणलेली फळं धुऊन ताटलीत कापून ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर ती आलेली नाही. ती अजून तिथेच काम करते की नाही, हे ताईला माहीत नाही. फोन केला तर कदाचित कळेल. पण तिने अजून केलेला नाही.